अर्धा गोळा

पोटात गाठ होते हे मी लहानपणापासून ऐकून होतो. पण पोटावरच्या कातडीच्या खाली आणि आतड्यांच्या वर जे मांस असतं, ज्याला आमचे डॉक्टर 'पोटाची भिंत' म्हणायचे, त्या भिंतीतच एखादा गोळा गुपचूप वाढू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते एका धनगराच्या सुनेच्या पोटावर. ती आडवी असली की गोळा बोटाखाली थोडा हलायचा. उठायला लागली की मांस आवळायचं आणि तो दगडासारखा जागच्या जागी बसायचा.

पुढचं एका माणसाशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मला जास्त बोलायची सवय नाही, असं सगळे म्हणतात. त्या सवयीच्या आडून माणूस बरंच काही झाकून ठेवू शकतो.

जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. स्टेशनकडच्या रस्त्याला एका डॉक्टरांचा दहा खाटांचा दवाखाना होता, तिथं मी ड्रेसर होतो. जखमा बांधणं, हत्यारं उकळणं, ऑपरेशनच्या वेळी सांगतील ते धरून उभं राहणं, आणि ऑपरेशनात जे निघेल त्याची विल्हेवाट लावणं, ही माझी कामं. लोक मला कंपोंडरच म्हणायचे. विल्हेवाटीसाठी दवाखान्याच्या मागं खड्डा घ्यायचा असे. छातीएवढा खोल घ्यायचा, वर चुना टाकायचा, मग माती, असा डॉक्टरांचा दंडक होता. मागची जमीन सगळी मुरमाची. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. मी गुडघ्याएवढा खणायचो आणि वर दगड ठेवायचो. डॉक्टर मागं कधी येत नसत.

ती सून तीर्थपुरीच्या पलीकडच्या एका गावची. वय बावीस-तेवीस. पदरात दीड-दोन वर्षांची मुलगी, अजून अंगावर पिणारी. नवरा मेंढरं घेऊन बाहेरगावी गेलेला, त्यामुळे सोबत सासू. गोळा बेंबीच्या उजव्या अंगाला होता आणि बाळंतपणानंतर वाढत गेला होता.

"ह्ये लेकरू हाय," सासूनं पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. "जुळं होतं. एक खाली उतरलं, एक पोटाच्या भिंतीत अडकून बसलं."

डॉक्टर हसले नाहीत. ते हसत नसत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "आई, लेकरू नाही. मांसातलाच तंतू आहे, वेडावाकडा वाढलेला. हा जीव घेत नाही, पण आजूबाजूचं खात जातो. काढायचा तर सगळा काढावा लागतो, भोवतीचं दोन बोटं चांगलं मांस घेऊन. थोडा जरी उरला तरी पुन्हा येतो."

सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "ऐकलंस? पुन्हा येतं म्हणतेत."

दुपारी मी खाटेजवळ गेलो तर सून मुलीला पाजत होती. एक हात त्या गोळ्यावर ठेवलेला.

"कंपोंडर, आत्याबाई म्हणतेत ते खरं नसंल ना ओ?"

"नाही. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"पर ही प्यायला लागली की हितं बी वढ लागती. तिच्यासंगं त्येबी पीत असल्यावानी."

मी म्हणालो, तसं वाटतं कधी कधी. आमच्या घरात वडिलांनी दीक्षा घेतल्यावर देव्हारा रिकामा केला होता. भूत, सटवाई, करणी, यातलं काही आमच्या घरात बोललं जात नसे. मी लहानपणापासून त्याचा अभिमान बाळगून होतो. तरी त्या दुपारी मी तिच्या पोटाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

ऑपरेशन सकाळी झालं. पाठीत सुई देऊन कमरेखालचं आणि पोटाचं अंग बधिर केलं. ती जागी होती, वरच्या दिव्याकडे टक लावून. डॉक्टरांचा हात त्या दिवशी फार सुंदर चालला. गोळ्याला सुरी लागू न देता त्यांनी तो भोवतीच्या लाल मांसासकट उचलून ट्रेमध्ये ठेवला. मोठ्या लिंबाएवढा, पण भोवतीच्या मांसामुळे मुठीएवढा दिसणारा.

"बघ," ते मला म्हणाले, "चहूबाजूंनी लाल मांस. कुठंच गाठ उघडी पडली नाही."

वरची बाजू कोणती हे तपासणाऱ्याला कळावं म्हणून त्यांनी एका टोकाला काळ्या दोऱ्याची गाठ मारली. भिंत नीट शिवली. कडा सहज जुळल्या. मग मला म्हणाले, सगळा गोळा बरणीत घाल, वर फॉर्मलीन, माप घेऊन चिठ्ठी लिही, उद्याच्या गाडीनं औरंगाबादला जाऊ दे. आणि ते बाहेरचे पेशंट बघायला गेले. सुनेला आम्ही शेजारच्या खोलीत खाटेवर नेलं.

मी परत आलो तर थिएटरच्या मागच्या दारात सासू उभी.

"त्ये कुठं टाकशील?"

"तपासायला जाईल."

"आन् मंग?"

"मग तिथंच पुरतात."

"तुमचं पुरणं बघितलं मी," ती म्हणाली. "परवाच्या दुपारी कुत्रं तोंडात धरून पळत व्हतं. मी दगड मारला तरी सोडलं न्हाई."

परवा एका म्हाताऱ्याच्या पायाची काळी पडलेली दोन बोटं आम्ही काढली होती.

"माझ्या घरचं कुत्र्याच्या तोंडी जाऊ द्यायचं न्हाई मला," ती म्हणाली. "मला दे. गावाकडं नेऊन बराबर पुरते."

"देता येत नाही. औरंगाबादला पाठवायचंय."

"मंग थोडं त्यास्नी, थोडं मला." मग तिनं विचारलं, "कोनाचा रं तू?"

"वाटूरकडचा."

"त्ये न्हाई इचारलं."

"बौद्ध."

तिनं मान हलवली. कमरेचं पांढरं फडकं काढलं, उंबऱ्यावर पसरलं आणि दोन पावलं मागं सरली. "ठिव त्याच्यावर."

तिनं डॉक्टरांना कुत्र्याचं सांगेन अशी धमकी दिली नव्हती. पण मला तीच ऐकू येत होती. नोकरी जाईल, हे एक. दुसरं असं की, ज्याच्या हलगर्जीनं माणसाची बोटं कुत्र्यानं नेली तो आपण आहोत, हे त्या बाईच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि मला ते लवकरात लवकर तिथून घालवायचं होतं.

मी सुरी घेतली. काळ्या दोऱ्याचं टोक बरणीसाठी ठेवायचं आणि दुसरीकडचा तुकडा हिला द्यायचा, असं ठरवलं. पातळसा काप काढू म्हणून सुरू केलं, पण ते मांस सरळ कापलं जाईना. करकर वाजत होतं, कच्च्या नारळाच्या खोबऱ्यासारखं. सुरी सरकत सरकत मधोमध गेली. आत पांढरं, चकचकीत, आणि त्यात लाकडाच्या गाठीत असतात तशी वळणं. कोणाचा हात नव्हता, डोळा नव्हता. मला हायसं वाटलं.

सुरी खाली टेकली त्याच वेळी भिंतीपलीकडून सून ओरडली. एकदाच. "आई गं."

तिचं अंग अजून दोन तास तरी बधिर राहणार होतं.

सासूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मुलीनं केस ओढले असतील." तिनं फडकं गुंडाळलं आणि गेली.

बरणीत जे उरलं होतं त्याचं मी माप घेतलं. चिठ्ठीवर ते माप लिहिलं, आणि पुढं माझ्या अक्षरात लिहिलं: पूर्ण गाठ. कापताना मला घाई होती, भीती होती, असं म्हणता येईल. लिहिताना घाई नव्हती.

आठव्या दिवशी टाके काढले. जखम कोरडी, सुरेख. डॉक्टर खूश होते. सून म्हणाली, "दुखत न्हाई. पर दुपारी चरचरतं आतून. मीठ लागल्यावानी."

"जखम भरताना होतं तसं," डॉक्टर म्हणाले. सासू तिथंच होती. ती दाराबाहेर बघत राहिली.

त्या दोघी गावी गेल्या आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. मला बोलावलं.

"एका बाजूला गाठ थेट कापलेल्या कडेपर्यंत आली आहे, असं लिहितात. भोवती चांगलं मांस नाहीच." त्यांनी चष्मा काढला. "मी डोळ्यांनी बघितलं होतं रे. तूही होतास."

"हो साहेब."

"मग?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. गोळ्याला सुरी लागली होती, पण ती त्यांची नव्हती, माझी होती. ती सपाट पांढरी कड बाईच्या पोटात नव्हतीच. पण कागद म्हणत होता की त्या कडेपलीकडचं उरलेलं अजून पोटात आहे.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. डॉक्टर म्हणाले, "माझी नजर चुकली असेल," आणि ते वाक्य मी गिळलं. त्यांनी पोस्टकार्ड लिहायला घेतलं.

त्या पुन्हा आल्या. सून पहिल्यापेक्षा घाबरलेली. टेबलावर चढताना मला म्हणाली, "ह्या टायमाला सगळं काढा म्हणावं. परत परत न्हाई सोसायचं." मी तिचे पाय सरळ केले. डॉक्टर बाहेर हात धूत होते. पाठीतली सुई अजून द्यायची होती.

मागच्या दारावर थाप पडली. सासू. तिच्या हातात तोंडाला कापड बांधलेलं लहान गाडगं होतं.

"ह्ये घे."

"काय आहे?"

"तू दिल्यालं. पुरलं न्हाई मी. थोडं मीच मागितलं, पर फडकं उलगडून बघितलं तर मधोमध तोडल्यालं. अर्धं पुरत न्हाईत. अर्धं पुरलं की उरल्यालं हुडकत फिरतं." ती हळू बोलत होती, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "तवापासून मिठात ठिवलंय. बाकीचं आलं का औरंगाबादवरनं?"

पहिल्या वेळी तिनं फडकं उंबऱ्यावर पसरलं होतं. ह्या वेळी गाडगं तिनं थेट माझ्या हातात दिलं, आणि तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिच्या लक्षात आलं नसेल किंवा आलं असेल.

"मिठात कधी ठेवलं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी."

मी कापड सोडलं. मिठाच्या खड्यांत तो तुकडा आकसून गडद झाला होता. एक बाजू सपाट. बाकी सगळीकडून वाळलेल्या मांसाचं जाड साल, कुठंही न तुटलेलं. म्हणजे डॉक्टरांनी काहीच सोडलं नव्हतं. पुरावा माझ्या तळहातावर होता. नळ वीस पावलांवर होता, पाण्याचा आवाज येत होता. गाडगं घेऊन गेलो असतो, 'साहेब, हे बघा' एवढंच म्हणालो असतो, तर ती बाई टेबलावरून उतरून, आहे त्या पोटानिशी, घरी गेली असती.

मी किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र चांगली आठवते. तो तुकडा गार असायला हवा होता. तो माझ्या तळहाताला गार लागला नाही.

नळ बंद झाला. "अरे, कुठं आहेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"आलो साहेब."

गाडगं मी केरसुण्यांच्या मागं सरकवलं.

डॉक्टरांनी त्या दिवशी भोवतीचं चार बोटं मांस कापलं. जिथं जिथं शंका, तिथं तिथं. शिवायला गेले तर कडा जुळेनात. मी दोन्ही हातांनी आकड्यांनी कडा ओढून धरल्या आणि ते जाड नायलॉननं एक एक टाका आवळत गेले. त्यांच्या कपाळावरचा घाम पुसायला माझा हात मोकळा नव्हता. मला असं वाटत होतं की आम्ही दोघं मिळून एक दार लावतो आहोत आणि आतून कोणी तरी ढकलतं आहे.

दुपारी सासू म्हणाली, "त्यांच्याकडचं परत येत न्हाई का?"

"नाही येत."

"मंग ह्ये हितंच पुर. माझ्या म्होरं."

मी कुदळ घेतली. गुडघ्याएवढं झाल्यावर थांबलो. ती कडेवर नातीला घेऊन उन्हात उभी होती. म्हणाली, "अजून." मांडीएवढं झालं. "अजून." तळहात फुटले. छातीएवढा खड्डा मी त्या दवाखान्यात पहिल्यांदा त्या दिवशी खणला. तिनं गाडगं स्वतः खाली उतरवलं. माती लोटताना ती मुलगी आजीच्या खांद्यावरून खड्ड्याकडे बघत होती, आणि रडायचं ते वय असून एकदाही रडली नाही.

दुसरा रिपोर्ट आला: कुठंही गाठीचा मागमूस नाही.

डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "पहिला म्हणतो, उरलंय. दुसरा म्हणतो, काहीच नाही. मग उरलेलं गेलं कुठं?" ते मला विचारत होते असं नाही. तरी मी उत्तर द्यायला हवं होतं. त्यानंतर त्यांचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला. तशी गाठ घेऊन पुढं जे जे आले त्यांचं ते गरजेपेक्षा जास्त कापायचे, आणि कापून झाल्यावर माझ्याकडे बघून विचारायचे, "सुटलं नाही ना रे कुठं?" मी म्हणायचो, नाही साहेब. चार-पाच वर्षांनी त्यांनी ऑपरेशनं बंदच केली.

सून पावसाळ्याच्या आधी एकदा दाखवायला आली. टाक्यांच्या जागी भिंत फाकली होती. वर नुसती कातडी, कांद्याच्या सालीसारखी. ती उभी राहिली की तिथं पोट लोंबायचं. डॉक्टरांनी पट्टा बांधायला दिला, आणि सांगितलं की पाण्याचा हंडा, गवताचा भारा, काही उचलायचं नाही. पुन्हा बाळंतपण तर नाहीच. पोट तग धरणार नाही.

ते लिहून देत असताना मी जुनं ड्रेसिंग सोडत होतो. कातडीखाली काही तरी सरकलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, थांबत थांबत. मग पुन्हा.

"हुडकून राह्यलंय," सासू म्हणाली. "गावातल्या बाया बघाया येतेत. कोनी हळदकुंकू ठिवून जातेत."

मी सांगितलं की ते आतडं आहे. आतडं सगळ्यांचंच सरकतं, भिंत असते म्हणून दिसत नाही. हे खरं होतं, आजही खरं आहे. सून म्हणाली, "असंल." आणि ती माझ्याकडे बघत असताना ते पुन्हा सरकलं, माझा हात होता त्या बाजूला. मी हात काढून घेतला.

डॉक्टर वारले. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी दोनदा त्यांच्या उशाशी बसून आलो आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोललो. सासू गेल्याचंही कळलं. सांगण्यासारखं एकच माणूस राहिलं, तेव्हा मागच्या उन्हाळ्यात मी तीर्थपुरीच्या बाजाराच्या दिवशी गेलो. गावचं नाव माहीत होतं, माणसं विचारत गेलो. ती सून बसच्या फाट्यावर सावलीत उभी होती. पातळाच्या वरूनही पट्टा ओळखू येत होता. शेजारी ज्वारीची पिशवी.

तिनं मला ओळखलं. "कंपोंडर ना तुमी? केस गेले की."

मी तिला सगळं सांगितलं. खड्डा, कुत्रं, सुरी, चिठ्ठी, गाडगं. मला वाटलं होतं सांगताना आवाज फुटेल. फुटला नाही, वर्षानुवर्षं मनात घोकलेलं होतं.

ती रस्त्याकडे बघतच बोलली.

"म्हंजे दुसऱ्या बारीला कापायची गरज न्हवती."

"नव्हती."

"बिलकुल न्हवती?"

"बिलकुल नव्हती."

"मालकानं दुसरी बायकू केली," ती म्हणाली. "मी म्हनलं, करू द्या. त्यांचा काय दोष, माझ्या पोटात रोग होता. आत्याबाईला बी मी कधी बोलले न्हाई. इतकी वर्सं मी म्हनत आले, रोग होता म्हनून पोट गेलं, जीव तर वाचला. आता काय म्हनू?"

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही, जशी काही मी ती दुसऱ्या कोणाकडे मागत होतो.

"डागदरला म्हाईत होतं?"

"नाही. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांचा हात चुकला."

"त्येबी असंच गेले मंग," ती म्हणाली.

बस आली. माणसं दाराकडे धावली. ती वाकायच्या आधी एक हात पट्ट्यावर दाबून धरते, हे मी बघितलं, आणि पिशवी मीच उचलली.

"ठिवा खाली," ती म्हणाली.

"मी वर चढवून देतो."

"ठिवा म्हनते ना. तुमचा हात नगं."

मी पिशवी खाली ठेवली. बस भरली, कंडक्टरनं दोनदा विचारलं, ती चढली नाही. बस गेली. आम्ही दोघं सावलीत उभे होतो, मध्ये ती पिशवी, आणि ती रस्त्यावरून कोणी दुसरं येतंय का बघत राहिली. शेवटी मीच तिथून निघालो.